रजईतलं पीठ

सुनेच्या हातच्या बनांचं कौतुक सगळी इमारत करायची. ते बन सासूबाईंच्या अंथरुणात फुगतात, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटतही नव्हतं, निदान परवान्याची भानगड सुरू होईपर्यंत तरी.

सुरुवात झाली ती एका थंडीत. या घराचं स्वयंपाकघर सावलीच्या बाजूला, त्यात ओटा दगडी. सून हात दुखेपर्यंत पीठ मळायची, यीस्ट चांगलं, मैदा चांगला, आणि पीठ आपलं पातेल्यात ढिम्म बसून राहायचं. सासरे गेल्यावर सासूबाई नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या. एक बॅग, एक काठी आणि गुडघे शेकायची रबरी पिशवी, एवढंच सामान. आयुष्यभर घर हाकलेली बाई, आता दिलेलं खायचं आणि दाखवलेल्या जागी बसायचं. "मला इथं काम काय, तर श्वास आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा," असं त्या हसत म्हणायच्या, पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही. तर एके दिवशी सुनेची आदळआपट त्यांनी खोलीतून ऐकली आणि हाक मारली.

"आण ते इकडं. त्याला थंडी वाजतेय आणि तू त्याला दगडावर निजवतेस."

सून हसली. म्हातारीचं मन मोडू नये एवढ्याच विचारानं तिनं पातेलं नेऊन दिलं. सासूबाईंनी ते शेकाच्या पिशवीला टेकवलं, वर रजई ओढली आणि त्याच्याभोवती हात टाकून बसल्या. सुनेचा चहा पिऊन झाला, भाजी चिरून झाली, तेवढ्यात आतून आवाज आला, "उठलं गं." जाऊन बघते तर पिठानं पातेल्यावरचं झाकण वर उचललं होतं.

तेव्हापासून तीच पद्धत पडली. थंडी सरली तरी पद्धत सरली नाही. सासूबाई सकाळी उठून पिशवीत गरम पाणी भरून तयार राहायच्या आणि त्याला 'माझी ड्युटी' म्हणायच्या. मुलगा मोजे घालायला पलंगावर टेकला की ओरडायच्या, "तिकडं बस, इथं पीठ झोपलंय." पातेल्याला झाकण असायचं, झाकणावर धुतलेलं फडकं असायचं, रजईचा अभ्रा अगदी नियमानं धुतला जायचा. सासूबाईंच्या अंथरुणाइतकी स्वच्छ जागा त्या इमारतीत दुसरी नसेल. आता यात लाजण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. पण लाज कधी कारण विचारून येत नाही.

कोपऱ्यावर कॉफीचं दुकान होतं. त्याच्या मालकानं एकदा सुनेचा बन खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन दारात उभा राहिला. "मला रोज हवेत," म्हणाला. "पण आधी परवाना दाखवा. तुमचे बन विकताना माझ्या दुकानाला टाळं लागायला नको." सुनेला इमारतीत 'बनवाली' म्हणायचे, आणि ते म्हणताना थोडं हसायचे. हौस आहे पोरीची, वेळ चांगला जातो, असं. तिला ते हसणं टोचायचं. तिला दुकानाच्या काचेमागे आपले बन बघायचे होते आणि त्यांना कुणी हौस म्हणू नये असं वाटत होतं. नवरा म्हणाला, "घेऊन टाक की परवाना, त्यात काय एवढं." ज्याला काही करायचं नसतं त्याला सगळंच सोपं वाटतं.

परवान्याआधी एक वर्ग करावा लागायचा. एका कचेरीच्या वरच्या मजल्यावर घरगुती धंदा करू पाहणाऱ्या बायका आणि दोन-चार पुरुष दाटीवाटीनं बसले होते. शिकवणारा माणूस विनोदी होता. नखं, केस, झुरळं, सगळ्यांवर त्याच्याकडे एकेक किस्सा तयार.

"एका घरी गेलो," तो म्हणाला. "विचारलं, पीठ कुठं फुगतंय? बाई म्हणतात, आत. आत म्हणजे कुठं? बघतो तर पलंगावर. आजोबांच्या शेजारी, एकाच पांघरुणात. मी म्हटलं, बाई, यातल्या कुणाला ओव्हनमध्ये घालायचंय ते आधी ठरवा."

सगळा वर्ग हसून लोळला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं सगळ्यांत मोठ्यानं सूनच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेजारची बाई तिच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "काय एकेक घाणेरडे लोक असतात ना." सून म्हणाली, "हो ना."

घरी आल्याआल्या सासूबाईंनी विचारलं, "काय शिकवलं गं?"

"हात धुवायला."

"त्याला एवढा वेळ? मग साबण तरी दिला असेल."

सुनेला हसायला हवं होतं. तिनं पाठ फिरवून पिशव्या रिकाम्या केल्या. तिला सासूबाईंचा राग आला होता, आणि त्यांनी काहीच केलेलं नाही हे कळत असल्यामुळं तो राग आणखी वाढला. उद्यापासून पीठ तुमच्याकडे नको, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते काही तिच्याच्यानं बोलवलं नाही. पीठ रोजच्यासारखं रजईत जात राहिलं आणि सून ते उचलताना खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागली.

परवान्यासाठी घर तपासायला येणार तो दिवस कळला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सासूबाईंना झाला. त्यांनी ठेवणीतला स्वेटर काढला. त्याचं एक बटण तुटलं होतं, ते समोरच्या घरातल्या शिवणकाकूंकडून लावून आणलं. शिवणकाकू म्हणजे दिवसभर मशीनवर बसून दुनियेचे कपडे शिवायच्या आणि दुनियेच्या चौकशा उसवायच्या. बटण लावून घेऊन आलेल्या सासूबाई दोन दिवस एक वाक्य घोळवत होत्या. भिंतीकडे बघून, हलक्या आवाजात.

"मी त्यांना सांगेन," त्या सुनेला म्हणाल्या. "पीठ आणि म्हातारं माणूस, दोघांना ऊब दिली की झालं. दोघंही उठून बसतात. कसं वाटतं?"

सुनेसमोर त्या विनोदी माणसाचा चेहरा आला, पुढच्या वर्गात आपलाच किस्सा सांगणारा.

"आई, तुम्ही त्या दिवशी सकाळी शिवणकाकूंकडे बसाल का जरा?"

"का गं?"

"ते सगळं उघडून बघणार. सामान इकडचं तिकडं होणार, धूळ उडेल. तुम्हाला खोकला होईल."

"आपल्याकडे धूळ?" सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मग स्वेटरची घडी घातली, मोडली आणि परत घातली. "बरं," त्या म्हणाल्या. "बसते."

त्या दिवशी पहाटे उठून सुनेनं घर आवरलं. आवरलं म्हणजे काय केलं, ते सांगायलाच हवं. मोरीतली सासूबाईंच्या कवळीची, दातांची वाटी तिनं कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवली. खुंटीवरची शाल काढून सासूबाईंच्या हातात दिली. गुडघ्यांचं तेल, औषधांचा डबा, जाड काचांचा जुना चष्मा, पलंगाखालच्या सपाता, सगळं एका पिशवीत कोंबून पलंगाखाली ढकललं. शेवटी शेकाची पिशवी रिकामी करून तीही त्यातच टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेर उभी राहून बघितलं, तर या घरात म्हातारं माणूस राहतं याची कुठं खूण नव्हती. तिचं तिलाच कसंतरी झालं. पण घड्याळाकडे बघून तिनं ते मनातून झटकलं.

तपासणीत पीठ दाखवावं लागणार होतं. ते तिनं मळून, झाकून ओट्यावर ठेवलं. आज ते ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून फुगवायचं, असं ठरवून ती कपडे बदलायला गेली. सासूबाई काठी टेकत बाहेर निघाल्या होत्या. जाताजाता सवयीनं स्वयंपाकघरात डोकावल्या. पीठ दगडावर होतं. ही घाईगडबडीत विसरली, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी पातेलं उचललं, शालीखाली छातीशी धरलं आणि हळूहळू समोरच्या घरात गेल्या.

सून येऊन बघते तर ओटा रिकामा. आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरबाई तिच्याच वयाच्या होत्या. केसांवर जाळीची टोपी, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, आवाज शांत. त्या विनोदी नव्हत्या, हेच सुनेला बरं वाटलं. त्यांनी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला, खिडकीची जाळी बोटानं दाबून बघितली, मैद्याचे डबे जमिनीपासून वर आहेत का ते वाकून पाहिलं. मोरीच्या जाळीवरचं झाकण सैल होतं, तेवढं बदलून घ्या म्हणाल्या. सूनही हळूहळू सैल झाली. डोकं मात्र एकीकडे पातेलं शोधत होतं.

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि माझे मिस्टर."

हे तिनं आधीपासून ठरवून ठेवलं होतं, त्यामुळं अडखळायला झालं नाही.

"आणखी कुणी? पिठाला दुसरं कुणी हात लावतं?"

"नाही, कुणीच नाही."

"बरं. पीठ मळून ठेवलंय म्हणालात ना, ते दाखवा."

सून ओव्हन उघडून बघायला लागली, जसं काही तिनंच ते तिथं ठेवलं असावं. मग कपाट उघडलं. मग फ्रिज, जो इन्स्पेक्टरबाईंनी आत्ताच तपासला होता. कान तापले होते. आणि मागून काठीचा आवाज आला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ठेवणीतला स्वेटर, त्यावर शाल, आणि शालीत गुंडाळलेलं पातेलं. कवळी टॉवेलांच्या मागे राहिलेली, त्यामुळं गाल आत गेले होते, पण चेहरा आनंदानं फुललेला.

"घे गं," त्या म्हणाल्या. "काकूंच्या शेगडीपाशी बसले होते. उठलं बघ कसं."

इन्स्पेक्टरबाईंनी वळून पाहिलं. "या कोण?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. सुनेनं हे मात्र ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, अगदी सहज.

"शेजारच्या."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता कुणाचंच नव्हतं. मग त्यांनी मान हलवली.

"हो, मी समोर राहते," त्या इन्स्पेक्टरबाईंना म्हणाल्या. "हिचं पातेलं होतं माझ्याकडे, ते द्यायला आले."

त्या आत आल्या नाहीत. दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांनी पातेलं ठेवलं, शाल सोडवून घेतली. घरातून बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हटलं की त्या रागवायच्या, 'येते' म्हणावं, असं मुलाला लहानपणापासून शिकवलेलं. आज म्हणाल्या, "जाते मी." आणि काठी टेकत गेल्या.

सुनेला तेव्हाच धावत जाऊन त्यांचा हात धरता आला असता. ती ओट्यापाशीच उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या मिनिटाला कळलं, आणि तरीही ती परवान्याचाच विचार करत होती, हे सगळ्यांत वाईट.

"दुसऱ्या घरात जाऊन आलेलं पीठ विकायला वापरता येणार नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "ते टाकून द्या. आणि पीठ फुगवायला याच स्वयंपाकघरात एक पक्की जागा करा. मी पुढच्या आठवड्यात परत येते, तेव्हा झाकणही बघते."

"आत्ता टाकू?"

"आत्ताच टाका."

सुनेनं पातेलं कचऱ्याच्या डब्यावर उपडं केलं. पीठ छान फुगलेलं होतं, ते एकदम पडलं नाही. कडा धरून राहिलं, मग सावकाश सुटलं. तिनं बोटांनी उरलेलं खरवडलं. ते अजून कोमट होतं.

इन्स्पेक्टरबाई गेल्यावर ती समोरच्या घरी गेली. सासूबाई लगेच उठल्या. घरी आल्या, कवळी कुठं आहे ते विचारलं, लावली, जेवल्या. तिनं पिशवीतलं सामान परत जागच्या जागी मांडलं. त्या बघत होत्या. "आई, मी ना..." तिनं सुरुवात केली. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "परवाना महत्त्वाचा." यात टोमणा असता तर सुनेनं तो आनंदानं झेलला असता. पण टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वयंपाकघरात पाऊल टाकेनाशा झाल्या. दारात उभ्या राहून विचारायच्या, "पाणी मिळेल का?"

"आई, घ्या ना तुम्ही, असं काय करता?"

"नको बाई, तपासणीचं स्वयंपाकघर आहे."

बन न्यायला कुणी आलं, बेल वाजली, की त्या आपल्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आवाज न करता, कडी हळूच. आलेला माणूस जाईपर्यंत आत खोकायच्यासुद्धा नाहीत. सून दारात उभी राहून गिऱ्हाइकाशी बोलायची आणि तिचं सगळं लक्ष त्या न आलेल्या खोकल्याकडे असायचं. पीठ आता ओव्हनमध्ये दिव्याच्या उबेत फुगत होतं. बरं फुगत होतं. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, आणि तिला तक्रार करायला काहीतरी हवं होतं.

नवऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला. "आईचं काय बिनसलंय? मी पलंगावर बसलो तरी ओरडत नाही." सुनेनं सगळं सांगितलं. वर्गातला किस्सा, टॉवेलांमागची वाटी, आणि तो एक शब्द. तो आधी हसला. "तू माझ्या आईला शेजारीण केलंस?" मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो उठला, आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. "मी काय बोलू?" म्हणाला. "हे तुलाच निस्तरायला हवं." ते खरं होतं, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

शिवणकाकूंनी जिन्यात गाठलं. "काय गं बनवाली, तुझी सासू त्या दिवशी माझ्याकडे येऊन काय म्हणाली माहितेय? म्हणाली, काकू, मी आता तुमच्यात राहते म्हणे. मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. मग बघितलं, तर बाई शाल मांडीवर गोळा करून बसलेली, आणि त्यात काही नाही." काकूंनी नेहमीसारखी पुढची चौकशी केली नाही. "माझ्याकडे यायला माझी ना नाही हो," एवढंच म्हणाल्या. "पण आपलं घर समोर दिसत असताना दुसऱ्याच्या घरात बसायचं, हे काही खरं नाही."

त्या दिवशी सुनेनं ठरवलं, की खरं काय ते सांगून टाकायचं. मग परवाना राहिला तर राहिला, गेला तर गेला. हे ठरवल्यावर मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

इन्स्पेक्टरबाई आल्या तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. या वेळी कुणी न सांगता त्या स्वतःहूनच समोर जाऊन बसल्या होत्या. दातांची वाटीही घेऊन गेल्या होत्या. मोरीचं नवं झाकण बघून झालं, ओव्हनमधला दिवा बघून झाला. "छान केलंत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या आणि सही करायला पेन काढलं.

"थांबा जरा," सून म्हणाली. "मी आलेच."

सासूबाई शिवणकाकूंच्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी कपड्याचे उसवलेले दोरे वेचत होत्या.

"आई, चला."

"गेल्या का त्या?"

"नाही. म्हणूनच चला."

तिनं त्यांचा हात धरला. काठी काकूंकडेच राहिली. काकू हातातलं दोऱ्याचं रीळ घेऊन तशाच मागे आल्या. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई थांबल्या, तशी सूनही त्यांच्याबरोबर दाराबाहेरच थांबली.

"या माझ्या सासूबाई," ती म्हणाली. "इथंच राहतात, त्या खोलीत. मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि पिठाला दुसरं कुणी हात लावत नाही म्हणाले, तेही खोटं. आमचं पीठ यांच्या अंथरुणात फुगायचं. रोज."

तिचा चेहरा पेटल्यासारखा झाला होता. इन्स्पेक्टरबाईंचं पेन थांबलं. त्या काही बोलणार, इतक्यात सासूबाईच हसल्या.

"काहीतरीच बोलते ही," त्या म्हणाल्या. "मी समोरच्या घरातली. हिला आई नाही ना, म्हणून मला आई म्हणते. गुणी पोरगी आहे, जीव लावते. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. तुम्ही तुमची सही करा."

कुठं अडखळल्या नाहीत. प्रत्येक शब्द जागच्या जागी. सुनेला कळलं, की हे वाक्य त्यांनी घोळवलेलं आहे. त्या दुसऱ्या वाक्यासारखंच, भिंतीकडे बघून, हलक्या आवाजात. पिठाचं आणि म्हाताऱ्या माणसाचं ते वाक्य त्यांना बोलायला मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी हे तयार केलं होतं. शिवणकाकूंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता मिटलं.

इन्स्पेक्टरबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. सुनेनं हात अजून घट्ट धरलेला होता.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथं राहिलात तर काही बिघडत नाही. घर आहे, घरात माणसं असणारच. पिठाला हात लावणार असाल तर डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. आणि विकायचं पीठ अंथरुणात नको, ते इथं ओव्हनमध्येच ठेवा. संपलं. मागच्या वेळी विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं."

त्यांनी सही केली, कागद सुनेच्या हातात दिला, जाळीची टोपी काढून घडी केली आणि गेल्या. शिवणकाकूही रीळ गुंडाळत आपल्या घरी गेल्या. दोघी दारात उरल्या.

"म्हणजे त्या दिवशीही चाललं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"बरं."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या.

नवऱ्यानं फोनवर अभिनंदन केलं. कॉफीवाल्यानं उद्यापासूनच पाठवा म्हणून सांगितलं. परवाना ओट्यावर पडला होता, आणि सुनेला त्याच्याकडे बघवत नव्हतं. एवढ्यासाठी, असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं. एवढ्याचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं.

दुपारी तिनं थोडंसं पीठ मळलं. घरापुरतं. पातेलं घेऊन ती सासूबाईंच्या दाराशी आली आणि दारावर टकटक केली. या दारावर तिनं कधी टकटक केली नव्हती.

"कोण?"

"मी."

"ये की. तुझंच घर आहे."

सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रजई पायथ्याशी, घडी घालून ठेवलेली.

"हे विकायचं नाही," सून म्हणाली. "आपल्याला खायला आहे."

सासूबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. "नको आणूस इकडं. माझे हात गार पडलेत. नाही फुगायचं."

सून स्वयंपाकघरात गेली, पाणी तापवलं, शेकाची पिशवी भरली आणि घेऊन आली. ती पलंगावर बसली, पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली, तिला टेकवून पातेलं ठेवलं आणि रजई ओढली. सासूबाईंचा हात बराच वेळ रजईच्या वरच होता. मग तो आत गेला. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या.

"आई, मला माफ करा. मला तुमची लाज नव्हती वाटली हो. मला माझीच..." तिला पुढचं बोलता येईना. कारण तिला त्यांचीच लाज वाटली होती, आणि त्या दोघींनाही ते माहीत होतं. "वाटली होती," ती म्हणाली. "तुमचीच वाटली होती. आता माझी वाटते."

सासूबाईंनी पातेल्यावरचं फडकं चाचपून नीट केलं. पीठ अजून उठलं नव्हतं.

"आणि आता कुणी आलं," त्या म्हणाल्या, "आणि विचारलं, या कोण, तर काय सांगशील?"

त्या दिवशी तो शब्द किती सहज आला होता. आज साधा, रोजचा शब्द तिला शोधावा लागला.

"सांगेन, आमच्या आई," ती शेवटी म्हणाली.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "कुणी येऊ दे तर खरं."